मांजराला कांदा-लसूण मसाला चालतो का?

जेवताना मांजर पानाजवळ घुटमळू लागले की रश्श्यातला माशाचा तुकडा त्याच्यापुढे टाकला जातो. रश्श्यात कांदा-लसूण मसाला असेल, तर हा मोह टाळा. कांदा-लसणातील गंधकयुक्त घटकांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने धोका जात नाही; उलट सुक्या पुडीत हे घटक अधिक प्रमाणात असतात.

सुस्ती, भूक मंदावणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी गडद होणे ही लक्षणे अनेकदा काही दिवसांनी दिसतात. त्यामुळे मसाला पोटात गेल्याचे कळताच पशुवैद्यकांना फोन करा. घरच्या घरी उलटी करवू नका. मांजराचा वाटा मसाला लावण्यापूर्वीच बाजूला काढा आणि नुसता उकडून, काटे काढून द्या.