किंकाळीच्या जागी कार्ड : ऑटिझम आणि बिहेवियर थेरपी

मुलाला ऑटिझम आहे असं निदान झालं की डॉक्टर बहुधा तीन गोष्टी सुचवतात : स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि बिहेवियर थेरपी. पहिल्या दोन्हींचा पालकांना थोडाफार अंदाज असतो. तिसरीबद्दल मात्र अनेकांना वाटतं की तिथे मुलाला शिस्त लावतात. ही समजूत चुकीची आहे. काही सेंटरमध्येही तीच समजूत धरून काम चालतं, हे जास्त काळजीचं आहे.

आधी कारण शोधायचं

बिहेवियर थेरपिस्टचं पहिलं काम निरीक्षणाचं. तिच्या वहीत तीन रकाने असतात : वागण्याच्या आधी काय घडलं, मूल नेमकं काय वागलं आणि त्यानंतर लगेच काय झालं. अशा नोंदी काही दिवस ठेवल्या की कारण दिसू लागतं. मुलाला कुणाचं लक्ष हवं असतं, एखादी वस्तू हवी असते, समोरच्या गोष्टीतून सुटका हवी असते, किंवा त्या हालचालीतून शरीराला काही मिळत असतं. दुखणाऱ्या दाढेमुळे किंवा बद्धकोष्ठामुळेही मूल डोकं आपटू शकतं. म्हणून वागणं अचानक बदललं तर आधी डॉक्टरांना दाखवायचं.

पाच वर्षांचा, अजून न बोलणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. खुंट्या बसवायची पाटी पुढे ठेवली की तो किंचाळतो, स्वतःचं मनगट चावतो. शिकवणाऱ्या ताई घाबरून पाटी उचलतात आणि तो शांत होतो. आठवडाभराच्या नोंदींत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्यापुरतं गणित सरळ आहे : किंचाळलं की पाटी जाते. 'नको' म्हणायला त्याच्याकडे दुसरं साधनच नाही.

आता थेरपिस्ट पाटीशेजारी 'ब्रेक'चं एक चित्रकार्ड ठेवते. मुलाची बोटं आखडायला लागली, तो खुर्चीत मागे रेलू लागला की किंकाळी फुटायच्या आत मागे बसलेली सहकारी त्याच्या कोपराला हलका आधार देते. तो कार्ड उचलून थेरपिस्टच्या हातात देतो. 'ब्रेक हवाय? घे,' म्हणत ती तत्क्षणी पाटी बाजूला करते. हे 'तत्क्षणी' फार महत्त्वाचं. कार्ड दिल्यावरही पाच मिनिटं थांबावं लागलं, तर किंकाळीच जास्त कामाची ठरते. पुढे कोपराचा आधार हळूहळू काढून घेतात. कार्ड तो आपणहून द्यायला लागला की मग 'एक खुंटी, मग ब्रेक', नंतर दोन खुंट्या.

'असं केलं तर तो कामच करणार नाही,' असं आईवडील म्हणतात. सुरुवातीला तो खरंच करत नाही, आणि तेव्हा ते चालवून घ्यायचं असतं. आपलं म्हणणं पोचतं हा विश्वास त्याला आधी बसायला हवा. दरम्यान पाटी त्याला अवघड जातेय का, खोलीतल्या आवाजाचा त्रास होतोय का, हे पाहणं थेरपिस्टचं काम.

चित्रांमुळे मूल बोलायचं राहील, ही भीती आजी-आजोबांना हमखास असते. अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. चित्रकार्डांची एक प्रसिद्ध पद्धत 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केली. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप मराठीतही आहे.

पद्धतीचा इतिहास आणि तिच्यावरचे आक्षेप

या थेरपीचा पाया 'अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस', म्हणजे एबीए. कॅलिफोर्निया विद्यापीठातले इव्हार लोव्हास यांचा 1987 चा अभ्यास गाजला. आठवड्याला 40 तास थेरपी घेतलेल्या 19 मुलांपैकी 9 मुलं पहिलीच्या सर्वसाधारण वर्गात पोचली, असं त्यांनी मांडलं. आज 40 तासांचं पॅकेज विकणारे याच आकड्याचा हवाला देतात. पण त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि मोठ्याने दरडावणं, मांडीवर चापट मारणं हाही उपचाराचा भाग होता. हे मात्र कुणी सांगत नाही.

लहानपणी अशी थेरपी घेतलेली अनेक ऑटिस्टिक माणसं आता मोठी झाली आहेत आणि लिहू-बोलू लागली आहेत. हात फडफडवणं बंद करायला लावलं, डोळ्यांत डोळे घालून बघायची सक्ती केली, त्याचा त्रास पुढे कित्येक वर्षं राहिला, असं ती सांगतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. हात फडफडवून कुणाला इजा होत नसेल, तर ते थांबवायचं कारण नाही. मुलाला दात घासता यावेत, पाणी मागता यावं, 'नको' म्हणता यावं, ही उद्दिष्टं योग्य. मूल चारचौघांसारखं दिसावं, हे उद्दिष्ट नव्हे. ऑटिझम 'बरा' करण्याची हमी देणाऱ्या ठिकाणी तर पाऊलही टाकू नये.

भारतात हे काम कोण करतं?

पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. तिच्या यादीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, पण बिहेवियर थेरपिस्ट असा वेगळा गट नाही. त्यामुळे थोड्या दिवसांचा कोर्स करूनही कुणी ही पाटी लावू शकतं. अमेरिकेतल्या ज्या मंडळाचं प्रमाणपत्र इथे प्रतिष्ठेचं मानलं जायचं, त्याने 2023 पासून भारतासह बहुतेक देशांतले नवे अर्ज घेणं बंद केलं.

कायद्याचा आधार मात्र आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमासंरक्षण मिळतं.

सेंटर निवडताना

थेरपिस्टचं मूळ शिक्षण आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. नोंदवही बघायला मागा. सेशनला बसू देतात का ते विचारा, कारण तिथे शिकवलेलं घरी तुम्हालाच करायचं आहे. मूल दारातच रडून मागे फिरत असेल, तर 'सवय होईल' या उत्तरावर समाधान मानू नका. आणि कुणी मुलावर हात उगारला, त्याला कोंडलं किंवा उपाशी ठेवलं, तर त्याच दिवशी ते सेंटर सोडा आणि तक्रार करा.