ईमेलचा पत्ता आणि ओळखीचा दाखला

प्रत्येक संकेतस्थळासाठी निराळा पासवर्ड ध्यानात ठेवण्याच्या जाचातून सामान्य माणसाची सुटका व्हावी, आणि ती करताना त्याच्या ओळखीचे सारे दप्तर एकाच बलाढ्य कंपनीच्या स्वाधीन होऊ नये, अशा दुहेरी हेतूने ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकी तंत्रज्ञाने २००५ साली ‘ओपनआयडी’ नावाची पद्धत प्रचारात आणली. तीत माणसाची ओळख म्हणजे त्याच्या नावचा एक वेबपत्ता. तत्त्व निर्दोष होते; परंतु लॉगिनच्या चौकटीत स्वतःचे नाव म्हणून तिरप्या रेघांनी गजबजलेला असा पत्ता लिहावा, ही कल्पनाच लोकांच्या पचनी पडेना.

ईमेलचा पत्ता मात्र ज्याला त्याला तोंडपाठ. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह योजले; पुढे यंत्राच्या जागी डोमेन आले, आणि त्या चिन्हाच्या डावीकडे कोणाला कोणते नाव द्यावे याचा संपूर्ण अखत्यार डोमेनच्या धन्याकडे राहिला. विकेंद्रित व्यवस्थेला याहून अनुकूल घडण क्वचितच सापडली असती.

ही घडण ओळखून मोझिला या संस्थेने २०११ साली ‘ब्राउझरआयडी’, म्हणजे पुढे ‘पर्सोना’ म्हणून ओळखली गेलेली पद्धत काढली. तिची युक्ती सावकाश पाहण्याजोगी आहे. ब्राउझर एक गुप्त आणि एक उघड अशी किल्ल्यांची जोडी तयार करी. ईमेल देणारी संस्था ‘ही उघड किल्ली अमुक पत्त्याच्या माणसाची’ असा अल्प मुदतीचा दाखला आपल्या सहीनिशी देई. मग ब्राउझर, ज्या संकेतस्थळात शिरायचे त्याचे नाव घालून, गुप्त किल्लीने दुसरी सही करी. आणि ते संकेतस्थळ डोमेनवर जाहीर ठेवलेल्या किल्लीवरून दाखल्यावरची सही, आणि दाखल्यातल्या उघड किल्लीवरून दुसरी सही पडताळून पाही. तहसील कचेरीने दिलेला दाखला आपण कोठे कोठे दाखवला हे जसे कचेरीला कळत नाही, तसेच आपण कोठे लॉगिन केले हे ईमेल देणाऱ्या संस्थेला कळत नसे. आज ‘गूगलने प्रवेश करा’ या बटणात नेमका हाच गुण नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा होता.

परंतु दाखला द्यायला मोठ्या ईमेल कंपन्या पुढे आल्या नाहीत. मग पत्त्यावर पत्र धाडून खातरजमा करण्याचे काम मोझिलालाच पत्करावे लागले, आणि विकेंद्रित म्हणवणारी व्यवस्था एका सर्व्हरच्या आधाराने उभी राहिली. २०१४ साली संस्थेने आपले तंत्रज्ञ या कामावरून काढून घेतले, आणि ३० नोव्हेंबर २०१६ रोजी पर्सोना बंद झाली.

पत्त्याची सद्दी मात्र संपली नाही. पासवर्ड विसरला की नव्याचा दुवा ईमेलवरच येतो. म्हणजे पत्ता ज्याच्या ताब्यात, खाती त्याच्या ताब्यात. २०१३ साली याहूने वर्षभर निजलेले पत्ते नव्या लोकांना द्यायचे ठरवले तेव्हा हा धोका उघड झाला, आणि अमुक तारखेपासून पत्त्याचा धनी तोच असेल तरच पत्र पोचवावे, असे सांगणारी सूचना पत्रासोबत जोडण्याचे मानक २०१४ साली रचावे लागले. तेव्हा वाचकहो, जुना पत्ता सोडण्यापूर्वी किंवा स्वतःच्या डोमेनची मुदत संपू देण्यापूर्वी, बँकेपासून वीजबिलापर्यंत जेथे जेथे तो नोंदवला असेल तेथे तेथे आधी नवा पत्ता नोंदवा.