पिल्लाला शिकवताना काठी नको

पोलादपूर-महाडकडे घर राखायला गावठी पिल्लू आणलं जातं, ते बहुधा शेजारच्या वाडीतून. आईपासून तुटलेलं, नव्या वासांनी आणि कौलांवर कोसळणाऱ्या पावसाने ते बावरतं. त्यात पडवीत घाण केली म्हणून काठी उगारली, तर ते एवढंच शिकतं की माणसाला भ्यायचं.

पोर्तुगालमधल्या पोर्तो विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओरडून, पट्ट्याला हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक अधिक वाढलेलं आढळलं. आपल्याकडे आयसर कोलकाताच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की भटक्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा कुरवाळणं अधिक उपयोगी पडतं.

मग करायचं काय? झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर पिल्लाला लगेच अंगणातल्या ठरलेल्या जागी न्या. तिथे शी-शू केली, की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा द्या. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा संबंध त्याला लागत नाही. हात चावला तर खेळ थांबवा आणि चघळायला दुसरं काही द्या. हाक मारून जवळ बोलावल्यावर कधीच रागावू नका. धडा पाच मिनिटांचाच ठेवा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द, एकच नियम पाळावा.

तीन महिन्यांचं झालं, की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस जरूर टोचून घ्या.