‘रोटरी’ या शब्दाचा अर्थ

आपल्यापैकीं पुष्कळ बागाईतदार मशागतीच्या एका यंत्रास ‘रोटरी’ म्हणूं लागले आहेत, जणूं तें त्याचें विशेषनामच आहे. वस्तुतः हें इंग्रजी भाषेंतील एक विशेषण होय. लॅटिन भाषेंत ‘रोटा’ म्हणजे चाक. आपला ‘रथ’ हा शब्दही त्याच मूळाचा आहे असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हां आंसाभोंवतीं फिरणाऱ्या भागाकडून ज्याचें मुख्य काम होतें, तें ‘रोटरी’.

घरचींच उदाहरणें घ्यावीं. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोंवतीं फिरते, म्हणून जातें रोटरी. मुसळ नुसतें वर-खालीं होतें, तें नव्हे. रहाट रोटरी आहे. मोटेसही चाक असतें, पण तें केवळ नाड्यास वाट देतें. पाणी वर येतें तें बैलांच्या येण्याजाण्यानें. म्हणून मोट रोटरी नव्हे. कालव्याच्या पाण्याचें ‘रोटेशन’ म्हणजे आपली पाळी. तेथें कांहींच गरगरत नाहीं. १९०५ सालीं शिकागो येथें निघालेल्या रोटरी क्लबाचें नांवही, सभा सभासदांच्या कचेऱ्यांतून पाळीपाळीनें भरत, त्यावरून पडलें.

आतां मशागतीच्या यंत्राकडे वळूं. ऑस्ट्रेलियांतील गिलगांद्रा येथें आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यानें १९१२ सालीं वडिलांच्या शेतावर याचे प्रयोग आरंभिले. प्रथमचीं पातीं माती बाजूस उडवीत; पुढें त्यानें काटकोनांत वांकविलेलीं पातीं बसविलीं, व तोच घाट आजही चालू आहे.

येथें शब्दावर विसंबून चालत नाहीं. ‘रोटरी’ म्हटल्यानें पातीं फिरतात एवढेंच कळतें. यंत्र हातभर पुढें सरकेपर्यंत तीं किती फेरे घेतात, हें कळत नाहीं. ट्रॅक्टरच्या मागील दांड्याचे फेरे सामान्यतः मिनिटास ५४० ठरलेले असतात. ते तसेच ठेवून ट्रॅक्टर अगदीं सावकाश हांकला, तर तीच माती पुनःपुन्हां कापली जाऊन तिचें पीठ होतें. पहिल्या जोराच्या पावसानें अशा जमिनीवर पापुद्रा धरतो व कोंब वर येण्यास अडतो. शेत मऊ दिसलें म्हणून मालक संतुष्ट असतो, हें नवल! दरसाल त्याच खोलीवर हें यंत्र चालविल्यास पात्यांखालीं कठीण थरही बनतो. तो फोडण्यास खोल नांगरटच लागते.

भाड्यानें यंत्र आणतांना पात्यांचे फेरे व ट्रॅक्टरचा गिअर हीं दोन्ही आधीं विचारावीं. त्या फिरत्या दांड्यावर झांकण आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. धोतराचा सोगा त्यांत गुंतल्यास माणूस ओढला जाण्यास क्षणही लागत नाहीं.