अठरा चाकं असताना आणखी चार कशाला?

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांबद्दल वाचायचा मला भारी नाद. महिन्यातून जेमतेम तीन-चार दिवस घरी येणाऱ्यानं स्वतःची कार ठेवावी का, हा त्यांच्यातला न संपणारा वाद.

तिथला नियम असा: जास्तीत जास्त ११ तास गाडी हाकायची, मग सलग १० तास आराम. आठ दिवसांत ७० तास भरले की थांबा. सलग ३४ तास सुट्टी घेतली की हिशेब पुन्हा शून्यावर. झोप केबिनमागच्या बंकवर, फ्रिजही तिथेच. कार मात्र यार्डात धूळ खात. महिन्यानं चावी फिरवावी तर नुसती टिक-टिक! बॅटरी बसलेली, आणि विम्याचा हप्ता चालूच.

मग ५३ फुटी ट्रेलर सोडून नुसत्या घोड्यावर, म्हणजे ट्रकच्या पुढच्या इंजिन-केबिनच्या भागावर, किराणा आणावा? ड्यूटी नसताना खासगी कामाला ट्रक नेण्याची मुभा नियमात आहे, पण मालकाची ना असेल तर विषय संपला. शिवाय बऱ्याच शहरांत वस्तीतल्या रस्त्यावर ट्रक लावताच येत नाही.

माझं मत? एकटा माणूस, शहरात घर, तर कार नकोच. चार दिवस भाड्यानं घ्यावी. आडगावात, जिथे बसही फिरकत नाही, तिथे जुनीपुराणी का होईना, हवीच. विमा मात्र घाईनं बंद करू नये, खंड पडला की पुढचा हप्ता महाग पडू शकतो.

आणि हो, तुम्हीही महिनाभर गावी जाणार असाल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून जा.