शूटिंगआधीचा हिशेब

मालेगावात कापडाखालोखाल चर्चा होते ती शूटिंगची. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यात डाकू घोड्यांवरून नव्हे, सायकलींवरून येतात. लोक हसले, आम्हाला मात्र त्यात व्यापारी दिसला. घोडा परवडणार नाही हे आधी कबूल केल्याशिवाय सायकल सुचत नाही. पुढे त्यांच्या ‘सुपरमॅन’चा नायक यंत्रमाग कामगार होता, आणि क्रेनचे काम बैलगाडीने भागवले. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात ते पाहावयास मिळते. (चित्रण जायज की नाजायज, हा प्रश्न आलिमांचा. आम्ही हिशेबापुरतेच बोलतो.)

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने विनोदी मालिका काढायचे मनावर घेतले. भांडवल ४० हजार, तेही आईच्या बांगड्या गहाण टाकून. “चाचा, कहाणी डोक्यात आहे,” म्हणाला. कागदावर एक ओळ नव्हती. उडण्याच्या दृश्यासाठी हिरवा पडदा हवा म्हणून आमच्या दुकानातून तागा नेला, तोही सॅटिनचा! सॅटिन चमकते, त्यावर उजेडाचे पट्टे उमटतात, आणि संगणकाला तर सगळीकडे एकच रंग हवा. साधे सुती, बिनचमकीचे, एकाच रंगाईतले कापड लागते, हे विचारले असते तर आम्ही फुकट सांगितले असते. त्यात नायक हिरवा कुर्ता घालून आला. संगणकाने पडद्याबरोबर त्याची छातीही गायब केली. आकाशात डोके आणि पायजमा तेवढे उडत होते! चार दिवसांत पैसे संपले. बांगड्या सराफाकडेच राहिल्या.

भावजय काही बोलल्या नाहीत, तेच आम्हाला लागले. पुतण्याला गादीवर बसवून वही उघडली. बीम नीट भरले नाही, सायझिंग कच्चे राहिले, तर मागावर दिवसभर तार तुटत राहतात. मग कारागिराला बोल लावून उपयोग नाही. कहाणीतला क्रम बाजूला ठेवून एका जागेची सर्व दृश्ये एकत्र लिहिली. घर एकदाच मागावे लागले. कोण कोणत्या दृश्यात, कोणत्या कपड्यात, हे समोरच्या रकान्यात. माग शुक्रवारी बंद, म्हणून कारागीर मोकळे. पण जुम्याच्या नमाजीची वेळ सोडून. शेजारी माग चालू असताना आवाज घेता येत नाही, ती दृश्येही शुक्रवारीच. जेवण, चहा, रिक्षा यांचा आकडा आधी मांडला आणि वर दहावा हिस्सा अडीअडचणीला राखला. दोन दृश्ये पैशाअभावी वहीतच कापली. पुतण्या रुसला. पण वहीतले दृश्य कापायला खर्च येत नाही.

दुसऱ्या खेपेस दोन शुक्रवारांत, १८ हजारांत तीन भाग झाले. त्यातला एक एका दुकानदाराने जाहिरातीसाठी घेतला. गेल्या महिन्यात बांगड्या सुटल्या. सॅटिनच्या ताग्याचे पैसे मात्र आमच्या खात्यात अजून यायचे आहेत.