किल्ल्यावरचा मावळा आणि कढत पाणी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आपल्याकडे गावोगावी मुलांचे किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, जुनी पोती, वर चिखलाचा थर, त्यावर अळीव नाही तर मोहरी पेरून उगवलेले हिरवे रान; मग सिंहासनावर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मावळे. खेड्यात माती शेजारच्या शेतातून येते. नव्या मुंबईत जुईनगरसारख्या ठिकाणी अंगण म्हणजे सोसायटीच्या मोटारी उभ्या करायची फरशी. तिथे मुलांना मातीसुद्धा पिशवीतून आणावी लागते. पण किल्ला होतोच.

आजच्या बोलण्याला निमित्त झाले ते जुईनगरच्या अशाच एका किल्ल्याचे. शेजारच्या मुलाने बाजारातून दहा मावळ्यांचे पाकीट आणले. दहाही मावळे एकाच ठेवणीचे. उजवा हात वर, डावा ढालीवर, नजर समोर. त्यातल्या चौघांच्या तलवारी पाकिटात दबून विळ्यासारख्या वाकलेल्या. मुलगा म्हणाला, "काका, हे सगळे एकच माणूस आहेत. आणि ह्याची तलवार बघा, शेपटी झालीय नुसती!" त्याने ती बोटांनी सरळ केली. बोट सोडले, की तलवार पुन्हा वाकडी. जोर केला तेव्हा वाकणावर पांढरी रेघ उमटली आणि तिसऱ्या खेपेला तलवार मोडून हातात आली. घरातल्यांचे उत्तर ठरलेले होते, "जाऊ दे, टाकून दे. दुसरे पाकीट आणू."

खरे पाहता एक भांडे कढत पाणी पुरले असते. ते कसे आणि का, हेच आज सांगायचे आहे. शिक्षक मित्रांनी तर हे जरूर करून पाहावे. याला प्रयोगशाळा लागत नाही.

आपण आधी ओळखीच्या वस्तूंकडे पाहू. मातीचे मावळे आजही कुंभारवाड्यातून येतात. चिखल ओला आहे तोवर कारागीर हात वळवील, मान फिरवील. एकदा भट्टीतून निघाला, की तो मावळा पुन्हा भट्टीत घातला तरी मऊ व्हायचा नाही. वीट तशीच, भाकरीही तशीच. लाखेची गोष्ट निराळी. लाखेच्या बांगड्या करणारा निखाऱ्यावर लाख मऊ करतो, वळतो, गार झाली की ती कडक होते. आणि चुकली तर पुन्हा शेकून पुन्हा वळतो. म्हणजे काही पदार्थांना उष्णता एकदाच आकार देते, तर काहींना कितीदाही.

प्लॅस्टिकातही ही दोन घराणी आहेत. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली बेकलाइट शोधून काढले, ते विटेच्या घराण्यातले. आपल्या आजोबांच्या रेडिओची काळसर तपकिरी पेटी आठवते का? ती पुष्कळदा बेकलाइटची असे. कुकरची काळी मूठही त्याच जातीची. म्हणून तर ती चुलीजवळ टिकते. अशा प्लॅस्टिकाला थर्मोसेटिंग म्हणतात. बादली, पाण्याचा पाइप आणि आपला मावळा हे लाखेच्या घराण्यातले. त्यांचे नाव थर्मोप्लॅस्टिक. तापवा, मऊ होईल; गार करा, घट्ट होईल.

आत काय घडते? प्लॅस्टिकाचे रेणू फार लांब साखळीसारखे असतात. थिजलेल्या तुपात सुतळीचा गुंता रुतून बसला आहे असे समजा. तो ओढून वाकवायला गेलात तर सुतळी हलत नाही, तूपच तडकते. मावळ्याच्या हातावर उमटणारी पांढरी रेघ म्हणजे अशीच बारीक तडक. तेच तूप थोडे ऊबदार झाले, की सुतळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. त्या सरकत्या अवस्थेत हात वळवायचा आणि गार होईतो धरून ठेवायचा, की नवी ठेवण थिजते. सगळी कला एवढीच. बाकी सगळा सबुरीचा भाग.

पण वाकडी तलवार कढत पाण्यात बुडवली, तर हात न लावताही ती बहुतेक सरळ होते. हे पाहताना मुलांचे डोळे मोठे होतात, आणि खरे सांगायचे तर आपलेही. याचे कारण साच्यात आहे. कारखान्यात वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबून भरतात. तिथे ते गार होताना साखळ्या जी बैठक घेतात, ती त्यांची मूळ बैठक. पुढे पाकिटात दबून तलवार वाकली, तरी ते वाकणे वरवरचे असते. ऊब मिळून साखळ्या मोकळ्या झाल्या, की त्या मूळ बैठकीकडे परततात. जणू प्लॅस्टिकाला आपला साचा आठवतो. इंग्रजीतही याला प्लॅस्टिकची 'मेमरी' असेच म्हणतात.

मग सगळे मावळे सारखे आणि इतके सपाट का? मावळा आडवा धरून त्याच्या कुशीवर पाहा. टोपापासून पायापर्यंत एक बारीक रेघ दिसेल. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली ही सांध्याची रेघ. साचा उघडताना दोन्ही अर्धे सरळ बाजूला जातात, म्हणून आतली वस्तू कुठे अडकून चालत नाही. हात छातीसमोर आडवा आणला आणि मागे पोकळी राहिली, की साचा सुटायचा नाही. त्यामुळे साध्या साच्यातल्या मावळ्याचे हात, ढाल, तलवार सगळे एका पातळीत पसरलेले असते, भिंतीवरच्या चित्रासारखे. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५९ पासून अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे शिपाई विकायला काढले. त्यांचीही हीच अडचण होती, आणि तिकडच्या हौशी लोकांनीही गरम पाण्याची हीच युक्ती चालवली. साच्याला जे जमत नाही, ते आपली दोन बोटे करू शकतात. हात पुढे आणा, कमरेत किंचित पीळ द्या, मान दरीकडे वळवा, की तोच मावळा टेहळणी करू लागतो.

आता मावळा कोणत्या प्लॅस्टिकचा, हे ओळखायला हवे, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यासाठी पाण्याचा एक पेला पुरे. मावळा बुडवून आतले बुडबुडे झटका आणि सोडा. तरंगला, मेणासारखा गुळगुळीत लागला आणि नखाचा ओरखडा उठला, तर तो बहुधा पॉलिथिलीनचा. बुडाला आणि रबरासारखा लवचीक असला, तर बहुधा मऊ पीव्हीसीचा. बुडाला, कडक आहे आणि फरशीवर टाकल्यावर टणटण वाजतो, तर पॉलिस्टायरीनचा असण्याचा संभव जास्त. दुसऱ्या पेल्यात विरघळेल तेवढे मीठ घालून त्यात टाकलात, तर पॉलिस्टायरीन वर येते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपल्या देशात पॉलिस्टायरीन १९५७ पासून तयार होऊ लागले. घट्ट जातीचे पॉलिथिलीन १९६८ साली ठाणे–बेलापूर पट्ट्यात निघू लागले. हा पट्टा जुईनगरच्या अंगालाच आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे या भागात शहराआधी प्लॅस्टिक आले! असो.

पीव्हीसीचा मावळा सगळ्यांत गुणी. साधारण ऐंशी अंशाच्या पाण्यात तो निमूटपणे मऊ होतो आणि दिलेली ठेवण चांगली धरतो. पॉलिथिलीन हट्टी. त्याच्या साखळ्यांच्या काही जुड्या नीट रचलेल्या असतात आणि पाणी उकळले तरी त्या सगळ्या सुटत नाहीत; म्हणून ते थोडे तरी मागे येतेच. त्याला हवे त्याहून जास्त वाकवायचे आणि दोनतीनदा तीच कृती करायची. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होते, म्हणजे अगदी उकळत्या पाण्याच्या उंबरठ्यावर. जुईनगर खाडीकाठी, तिथे पाणी शंभर अंशांना उकळते. महाबळेश्वरला ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळू लागते, तेव्हा तिथल्या गुरुजींना कडक मावळा दाद देणार नाही. अशा वेळी केस वाळवायच्या यंत्राचा झोत चालतो. तोही दुरून, आणि सतत हलवत.

आता कृती. स्वयंपाकाचे भांडे घेऊ नका; एखादे जुने टोपले बाजूला काढा. पाणी तापवण्याचे आणि ओतण्याचे काम मोठ्या माणसाचे. लहान मुलांनी कढत पाण्याजवळ जायचे नाही, हे आधी ठरवून मगच सुरुवात करावी. शेजारी गार पाण्याचे दुसरे भांडे ठेवा. भांड्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले, की विस्तव बंद करा. मावळ्याला चिमट्यात धरून फक्त वळवायचा भाग बुडवा. तलवारीसारख्या पातळ भागाला दहापंधरा सेकंद, हाताला अर्धा मिनिट, जाड पायाला मिनिटभर. बाहेर काढून फडक्यात धरा आणि हळू, एका दमात वळवा. अडल्यासारखे वाटले, की थांबा आणि पुन्हा बुडवा. जोर केलात की तीच पांढरी रेघ. मनासारखी ठेवण आली, की ती तशीच धरून गार पाण्यात बुडवा आणि मनात वीस आकडे मोजा. इथेच मुले घाई करतात. हात आधी सोडला तर साचा जिंकतो. रंग द्यायचा असेल तर वळवून झाल्यावर द्या. आधी दिलेला रंग वाकणावर सुटतो.

विस्तवावर मात कधीही धरू नका. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्यांदा मी घाईघाईने मेणबत्तीवर एक मावळा धरला होता. हात मऊ होईल म्हणून वाट पाहत होतो, तोवर ढाल पेटली आणि जळता थेंब अंगठ्यावर पडला. चिकटलेला थेंब पाण्यासारखा ओघळून जात नाही. खूण अजून आहे. आणि पीव्हीसी जळू लागले, तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो घशाला आणि छातीला वाईट. पाण्याची हीच खुबी, की ते शंभर अंशांपलीकडे जाऊच देत नाही.

शेतकरी बंधू म्हणतील, पोराटोरांचे खेळ आम्हाला कशाला? पण तुम्ही हेच करता. ठिबकच्या नळीचे टोक जोडणीवर चढत नाही, तेव्हा ते गरम पाण्यात बुडवून चढवता, आणि गार झाले की नळी घट्ट आवळून बसते. ती आवळते ती या आठवणीनेच. ताणलेली नळी मूळ मापाकडे जाऊ पाहत असते. पीव्हीसी पाइपाचे तोंड काडीकचऱ्याच्या जाळावर फुगवण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे मघाचा वायूचा इशारा ध्यानात ठेवावा. शिवाय करपलेले तोंड पाण्याच्या दाबाला फुटते, आणि ते नेमके पीक उभे असताना फुटते. तयार जोड विकत मिळतो, तो चार पैसे जास्त देऊन घेतलेला बरा.

याच गुणावर माणसे चालूही लागली आहेत. जयपूर फूट हे नाव आपण ऐकले असेल. त्या कृत्रिम पायाचा वरचा भाग, ज्यात रुग्णाच्या पायाचा उरलेला भाग बसतो, तो घट्ट पॉलिथिलीनच्या पाइपापासून करतात. रुग्णाच्या मापाचा प्लॅस्टरचा ठसा घेतात, पाइपाचा तुकडा भट्टीत मऊ करतात आणि त्या ठशावर चढवून गार होऊ देतात. शेतात पाणी नेणाऱ्या पाइपाच्या जातीचेच प्लॅस्टिक ते.

वर्गात दाखवायला मावळा नसला, तर थंड पेयाची रिकामी पारदर्शक बाटली घ्या. ती बादलीत उभी करून शिक्षकांनी लांबून कढत पाणी ओतावे. बाटली आकसते, सुरकुतते, बुटकी होते. ती मूळची जाड परीक्षानळीसारखी असते. तापवून, ताणून, हवा भरून तिची बाटली करतात. पाणी पडले, की ती निघते आपल्या माहेरी. मुलांना आधी विचारा काय होईल, आणि उत्तरे फळ्यावर लिहून ठेवा. बहुतेक जण "वितळेल" म्हणतात.

वळवलेला मावळा उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवू नये, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे दिवाळी पुष्कळदा ऑक्टोबरच्या उन्हात येते, आणि दुपारच्या पत्र्यावर पॉलिथिलीनचा मावळा हळूहळू हात पुन्हा वर नेतो. किल्ला सावलीत असला तर ठेवण टिकते.

जुईनगरच्या किल्ल्यावर उरलेल्या तीन तलवारी पाण्यानेच सरळ झाल्या. दोन मावळे पायऱ्या चढताना दाखवले, एक तटावर वाकून पाहतो आहे, एकाचा हात डोळ्यांवर आहे. ज्याची तलवार मोडली होती, त्याच्या मुठीत मी तापवलेल्या सुईने भोक पाडले आणि मुलाने त्यात खराट्याची काडी बसवली. तो आता भालदार आहे आणि दरवाजावर उभा असतो.